सत्तरच्या आत

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि फाईल मिटली. ब्याऐंशी किलो.

"रक्तगट जुळतोय, किडन्याही चांगल्या आहेत तुमच्या," ते म्हणाले. "पण या वजनाला मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. साखर काठावर आहे, ब्लडप्रेशर काठावर आहे. एकाला बरं करायला दुसऱ्याला आजारी पाडायचं नसतं. सत्तरच्या आत या, मग तारीख देतो."

शेजारच्या खुर्चीत आमचे हे मान खाली घालून बसले होते. वय एक्केचाळीस, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सासू-सासरे हयात नव्हते, दिरांचा रक्तगट वेगळा. म्हणजे देणारी मी एकटीच. आणि माझ्या आड काय यावं, तर माझीच चरबी! इतकी वर्षं "खात्यापित्या घरची दिसते हो" असं ऐकत आले होते. त्या कौतुकाचा त्या दिवशी असा संताप आला की विचारू नका.

आम्ही सांगलीचे. हे इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात, मोटारींचे सुटे भाग बनतात तिथे मेंटेनन्सला होते, म्हणून चेन्नईत आलो. दोन हजारनंतरची ती वर्षं. तिकडच्या रस्त्याला दर सहा महिन्यांनी नवा कारखाना उभा राहायचा आणि आपल्याकडची पोरं नोकरीला यायची. ह्यांचं दुखणं निघाल्यावर मुलीला आम्ही माझ्या आईकडे सांगलीला शाळेत घातलं. दहा वर्षांची होती. आम्ही दोघं मैलापुरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि खाली घरमालकीण मामी. मामी तंजावरच्या मराठी. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी जुनं आणि तामिळ हेल काढून बोललेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी "जेविलीस का गं?" म्हणून विचारलं होतं. परक्या गावात आपलं माणूस भेटलं म्हणून मी तिथेच जिन्यात रडले होते.

माझे गुडघे आधीपासून कुरकुरणारे. पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं आणि एका मशीनचं नाव लिहून दिलं. कोणी त्याला इलिप्टिकल म्हणतं, कोणी क्रॉस ट्रेनर. ह्यांच्या ओळखीचं एक पुण्याचं आयटीतलं जोडपं अमेरिकेला निघालं होतं. त्यांच्या गॅलरीत ते मशीन होतं आणि त्यावर टॉवेल वाळत होते. "घेऊन जा हो, आमच्याकडून काही ते झालं नाही," ती मुलगी म्हणाली. चार माणसांनी कण्हत-कुथत ते आमच्या जिन्यातून वर चढवलं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"हे काय यंत्र गं? दळायचं?"

"हो मामी, मलाच दळायचंय," मी म्हटलं.

त्यात पाय ठेवायला दोन लांब पाट असतात आणि हातात धरायला दोन दांडे. पाऊल पुढे जाऊन खाली उतरतं, मागे येऊन वर चढतं, पण कुठे आपटत नाही. म्हणून गुडघ्याला त्रास नाही. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी मी चढले तर पाट उलटेच फिरायला लागले. मी पुढे झुकतेय, पाय मागे चाललेत, दांडे एकदा छातीशी आणि एकदा लांब. "अगं आई गं! अहो, धरा!" म्हणून मी किंचाळले आणि हे खुर्चीत बसून इतके हसले, इतके हसले, की दुखणं निघाल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलंच नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या दिवशी मी तीन मिनिटं टिकले.

मग रोज पहाटे पाचला, ऊन तापायच्या आत. खाली मामींचं सडा-रांगोळीचं काम चालायचं आणि वर माझं घर्रघर्र. हे उठून माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मेंटेनन्सचा माणूस! पाट कुरकुरला की यांचं पाना-तेल घेऊन काम सुरू. "डावा पाय जास्त जोर देतोय तुझा, बेअरिंग खाईल तो," म्हणायचे. मी म्हणायचे, "माझ्या बेअरिंगचं बघा आधी." तीन मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. पायाची बोटं बधिर व्हायची, पाठीवरून घाम असा ओघळायचा की खाली जुनी चादर अंथरावी लागे.

उतरल्याबरोबर मी बाटलीभर पाणी घटाघटा प्यायचे. एकदा पिता पिता लक्ष गेलं, तर ह्यांचा कंठ हलत होता. त्यांना दिवसाला सगळं मिळून एक लिटरच पाणी चालायचं, त्यात चहा आला, औषधाचं पाणी आलं, आमटी आली. चेन्नईच्या उकाड्यात माणूस बर्फाचा एक खडा तोंडात धरून दुपार काढत होता आणि मी बया त्यांच्या पुढ्यात बाटली रिकामी करत होते. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून पाणी प्यायला लागले. त्यांना ते कळलं होतं. दोघंही त्यावर कधी बोललो नाही.

महिन्याभरात चार किलो उतरले. अठ्ठ्याहत्तर! हॉस्पिटलात आहाराचं बघणारी एक तामिळ मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची, मला अक्का म्हणायची. तिने मला एक वही दिली होती, रोज काय काय खाल्लं ते लिहायला. दर पंधरा दिवसांनी ती वही तपासायची. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या तामिळमध्ये. अठ्ठ्याहत्तर बघून तिने मला मिठीच मारली.

आणि मग ती शनिवारची सकाळ. डायलिसिस चालू असताना ह्यांचं ब्लडप्रेशर एकदम खाली गेलं. मी काचेबाहेर उभी. डोळे पांढरे झालेले दिसले, नर्स धावल्या, कोणीतरी पडदा ओढला. वीस मिनिटांनी सगळं ठीक झालं, पण त्या वीस मिनिटांत मी देवाला काय काय बोलले ते माझं मला माहीत. आमच्या घरातली रीतच आहे. माणसाच्या हातातलं संपलं की बाई उपास धरते. आईने वडिलांसाठी धरले, आजीने सगळ्यांसाठी धरले. मी तिथल्या तिथे बोलून टाकलं: सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, संकष्टी, दोन्ही एकादश्या. ऑपरेशन होईपर्यंत एकही चुकवणार नाही.

चुकवला नाहीच. उपासाच्या दिवशी सकाळी मशीनवरून उतरलं की साबुदाण्याची खिचडी, साजूक तुपातली, सांगलीहून आलेल्या दाण्यांचं कूट घालून. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत बटाट्याचा कीस. चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. आणि संध्याकाळी उपास सोडायचा म्हणजे नैवेद्याला काहीतरी गोड हवंच. वहीत मात्र मी त्या दिवशी एकच शब्द लिहायचे: उपास. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. लबाडी म्हणाल तर कणभर नव्हती हो! आपल्याकडे उपासाचं खाणं हे खाणं धरतंच कोण? "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आले, पण आपल्याला कोणी स्वतःहून लावून घेतं का?

वजन थांबलं. अठ्ठ्याहत्तर, पुन्हा अठ्ठ्याहत्तर, मग साडेअठ्ठ्याहत्तर. मी मशीनवरची वेळ पाऊण तासावर नेली, पाट जड केले, दात-ओठ खाऊन ओढत राहिले. त्या छोट्या पडद्यावर आकडे पळायचे आणि काटा जागचा हलायचा नाही. आहाराची मुलगी वही उलटीपालटी करून बघायची. "आठवड्यातून दोन-तीन दिवस तुम्ही काहीच खात नाही, रोज एवढा व्यायाम करता, आणि वजन वाढतंय?" तिने थायरॉइड तपासायला सांगितलं, आणखी कसल्या कसल्या तपासण्या झाल्या, सगळं उत्तम. त्यात दोन महिने गेले. तिकडे ह्यांचा रंग राखेसारखा होत चालला होता. कारखान्यातून आले की बूट न काढताच पलंगावर आडवे व्हायचे.

एके दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज अगदी हळू.

"बाई, हे मी तुमच्या भल्यासाठी विचारतोय. किडनी द्यायची नसेल तर मला सांगा. मी फक्त एवढंच म्हणेन की वजन बसत नाही. घरात कोणाला खरं कळणार नाही. तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही."

आता खरं तेच सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच. एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड कोणीतरी उचलावा तसं. मला भीती वाटत होती. पोट चिरून घेण्याची, शुद्धीवर न येण्याची, दोघंही एकाच दिवशी टेबलावर आणि पोरगी सांगलीत फोनची वाट बघत बसलेली, याची. कोणाला सांगितलं नव्हतं, मला स्वतःलाही नाही. आणि हा भला माणूस समोर दार उघडं करून उभा होता. एकच क्षण, पण आला.

दुसऱ्या क्षणाला माझा मलाच असा राग आला की तो सगळा त्या बिचाऱ्या डॉक्टरांवर निघाला. "म्हणजे मी चोरून खाते असं म्हणायचंय तुम्हाला? रोज पाऊण तास मरते त्या मशीनवर! सोमवार धरते, गुरुवार धरते, एकादशी धरते, सगळं ह्यांच्यासाठी! आणि तुम्ही मला हे विचारता?" मी ओरडतच होते. डॉक्टर शांतपणे उठले आणि त्यांनी आहाराच्या मुलीला आत बोलावलं.

"अक्का, उपासाला तुम्ही पाणी तरी पिता ना?" तिने काळजीने विचारलं.

"पाणी? पाणी न पिऊन कसं चालेल? सकाळी खिचडी खाते, वर चहा..."

"खिचडी? कसली?"

"साबुदाण्याची." तिला कळेना. "जव्वरिशी," मी मामींकडून शिकलेला तामिळ शब्द सांगितला. "तूप, दाण्याचं कूट, थोडा बटाटा." किती, म्हणून तिने विचारलं. मी दोन्ही हातांनी ताटली दाखवली. मग दुपारचं विचारलं. मग संध्याकाळचं. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज बसत गेला.

तिने कपाळाला हात लावला. "अक्का, माझी आजी जव्वरिशीची कांजी करून सुती साड्यांना लावते. साड्या उभ्या राहतात त्याने!"

डॉक्टर हसले. मला हसू की रडू कळेना. ज्या नवऱ्यासाठी उपास, त्याच नवऱ्याची किडनी त्या उपासाने अडवून धरली होती. दोन महिने. मी मुकाट्याने वही पुढे केली आणि त्या मुलीने सोमवार-गुरुवारच्या रकान्यांत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दोन पोळ्या, भाजी, डाळ, ताक.

लिहिणं तिच्या हातात होतं, पण गिळायचं मला होतं. बोललेला नवस मोडायचा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात नवस नसतात त्याला नाही कळायचं. सोमवारी सकाळी मी आमच्या गल्लीपलीकडच्या शंकराच्या देवळात गेले आणि स्पष्ट सांगून टाकलं: "तुझा उपास मोडतेय. रागवायचं तर माझ्यावर रागव. ह्यांच्या केसाला धक्का लावलास तर बघ." देवाला दमच दिला म्हणा ना. घरी येऊन पोळीचा पहिला तुकडा तोंडात घातला, तो फिरत राहिला. डोळे मिटून ताकाबरोबर खाली ढकलला.

आणि त्याच आठवड्यात ह्यांना थंडी वाजून ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले होते. हॉस्पिटलात ठेवलं. मी खाली मामींकडे जाऊन धाय मोकलून रडले. "माझ्यामुळे झालं मामी. मी उपास मोडला."

मामींनी मला कॉफी दिली, साखर न घालता. म्हणाल्या, "तुझा देव काय जव्वरिशीचे दाणे मोजीत बसला आहे होय? त्यास दुसरी कामं नाहीत?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मज कळत नाही? चाळीस वर्षं मी शनिवारी भात वर्ज्य करिते. रात्री इडली खाते."

"इडली तांदळाचीच असते की, मामी."

"ते निराळं," मामी ठसक्यात म्हणाल्या. मग त्यांनाच हसू फुटलं. रडता रडता मीही हसले. जाताना त्यांनी माझा दंड धरला. "जा, तापाकडे डॉक्टर पाहतील. तू तुझ्या यंत्रावर चढ."

हॉस्पिटलात गेले तर ह्यांचंही तेच. ओठ सुकलेले, आवाज निघत नव्हता, तरी म्हणतात, "इथे बसून माझा ताप उतरणार आहे का? आज पंचेचाळीस मिनिटं झाली का तुझी?" नव्हती झाली. घरी येऊन भर दुपारी, फॅन फुल्ल करून, मी पन्नास मिनिटं काढली. चौथ्या दिवशी ताप उतरला. तो देवाने उतरवला की इंजेक्शनांनी, यावर मी अजून कोणाशी वाद घालत नाही.

त्यानंतर काटा हलायला लागला. शहाहत्तर, चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तरवर तीन आठवडे अडून बसला, मग बाहत्तर. ब्लाऊज उसवून उसवून आत घेतले. गुडघ्याला पट्टा बांधून चढायचे, उतरताना भिंत धरायचे. वैतागून मशीनला शिव्याही घातल्या, सांगलीच्या खास. हे रोज समोर बसायचे. पूर्वी बोलायचे, चिडवायचे. आताशा नुसते बघत राहायचे. दमले असतील, असं मला वाटायचं. साडेचार महिन्यांनी काट्याने एकोणसत्तर आणि वर थोडं दाखवलं. आहाराच्या मुलीने मला दोनदा उतरवून पुन्हा चढवलं. साखर उतरली होती, ब्लडप्रेशर उतरलं होतं. डॉक्टरांनी तारीख दिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. ती किडनी ह्यांना आजही साथ देते आहे. पण मला सांगायची आहे ती आदल्या दिवशीची दुपार. आम्हाला दोघांना दाखल करून घेतलं होतं, शेजारशेजारच्या खोल्यांत. जेवणं झाल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. मनात ती गोष्ट सलत होती. ती पोटात ठेवून मला टेबलावर जायचं नव्हतं.

"अहो, एक सांगायचंय. मधे डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं होतं. द्यायची नसेल तर सांगा म्हणाले. मी भांडले त्यांच्याशी. पण भांडायच्या आधी... आधी एक क्षण मला बरं वाटलं होतं. सुटले असं वाटलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

हे खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय?"

"तुला एकटीला विचारा म्हणून. ही माझ्या तोंडावर नाही म्हणायची नाही, जीव गेला तरी. तुम्ही विचारा, आणि नको म्हणाली तर वजनाचं कारण सांगून टाका. मला खरं कळवू नका, म्हटलं." मग माझ्याकडे वळले. "रोज बघत होतो ना तुला. गुडघा धरून उतरायचीस, आत जाऊन दार लावून पाणी प्यायचीस. आपल्या जिवासाठी कोणाला किती राबवायचं?"

माझं डोकंच फिरलं. ज्या हाताला सुया टोचायच्या तो सोडून दुसऱ्या दंडावर मी एक सणसणीत चापट मारली. "आणि मी खरंच नाही म्हटलं असतं तर?"

"तर काय, डायलिसिस होतंच की." बस चुकली तर पुढची आहे, अशा सुरात.

"एवढे महिने घरात दोघंच होतो! मला समोर बसवून एकदा विचारता आलं नाही तुम्हाला, द्यायची आहे का म्हणून?"

"तू विचारलंस का कधी मला," हे म्हणाले, "घ्यायची आहे का म्हणून?"

नव्हतं विचारलं. काटा, वही, उपास, मशीन, सगळं केलं. देवालासुद्धा दम दिला. पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी डोळे पुसले. त्यांचा हात हातात घेतला, सुजलेला होता.

"मग आता विचारते. घ्यायची आहे का?"

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. मग लहान पोराने खाऊ मागावा तसा हात उघडा करून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "दे."